विश्वासू यजमान

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग निव्वळ आळस. असो. परवा सकाळी सांगलीहून दादाचा फोन आला. "तीन रात्री झाल्या, तू आली नाहीस. बरी आहेस ना?"

परक्या कुणी ऐकलं तर चक्रावून जाईल. दादा ऐंशीला टेकलेला, मी पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर. मी साताऱ्यात, तो सांगलीत. पण खरं सांगते, रोज रात्री सव्वादोन वाजता मी माहेरी जाते. म्हणजे माझा संगणक जातो. दादाच्या संगणकात दिवसभरात काही नवं आलं असेल तर त्याची प्रत घेतो आणि गुपचूप परत येतो. सकाळी दादाला पडद्यावर एक ओळ दिसते, सातारा येऊन गेलं म्हणून. परवा आमच्याकडे इन्व्हर्टर बिघडला होता, म्हणून खाडा पडला.

आता रात्री सव्वादोनला पासवर्ड टाकायला कोण जागं राहणार? म्हणून हे येणंजाणं पासवर्डशिवाय होतं. हे मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर सांगितलं तर सगळ्या दचकल्याच. "अहो बाई, पासवर्ड नाही म्हणजे दार सताड उघडंच की!" तसं नाही. कसं नाही, ते सांगते. मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा सांगण्यात काही चुकलं तर दादाचा नातू हे वाचतोच, तो कान धरेल.

सुरुवात पुरापासून करायला हवी. आमचं माहेर सांगलीच्या गावभागातलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीकरांच्या डोक्यात तोवर २००५ ची खूण होती, साधारण ५३ फुटांची. पाणी येऊन येऊन तिथवर येईल, असा हिशेब. दादानंही अण्णांच्या वह्यांची पत्र्याची ट्रंक त्या खुणेच्या वर हातभर उंच माळ्यावर ठेवली होती. आपलं काही चुकलं नाही असं त्याला अजून वाटतं, आणि ते खरंही आहे. नदीनं खूण बदलली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. रोजनिशी लिहायचे. एकतीस वह्या होत्या, त्यातल्या एकोणीस हाताला लागल्या. बाकीच्यांचा लगदा झाला होता. वहिनीनं ओल्या वह्यांची पानं दोरीवर वाळत घातली होती, पापड घालतात तशी. मी गेले तेव्हा दादा त्या दोरीखाली खुर्ची टाकून बसला होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

दिवाळीत नातू आला. तो तेव्हा सांगलीतच वालचंदला इंजिनिअरिंग करत होता. म्हणाला, "आत्याआजी, उरलेल्या वह्या स्कॅन करू या. एक प्रत इथं आणि एक तुझ्याकडे साताऱ्यात. सातारा काही बुडत नाही." बरोबर आहे. आमच्या माहुलीवरून जे पाणी जातं तेच कऱ्हाडला कोयना घेऊन पुढे सांगलीला जातं. पाणी वरून खाली जातं, तर वह्या खालून वर आणायच्या. त्यानं हातभर नव्हे, तळहाताएवढे दोन संगणक आणले, एक एका घरी. त्यांवर लिनक्स. आणि मग बोलता बोलता त्यानं तो शब्द वापरला, 'ट्रस्टेड होस्ट'.

मी मराठीची बाई. लगेच म्हटलं, होस्ट म्हणजे यजमान, तेव्हा हे झाले 'विश्वासू यजमान'. आतल्या खोलीतून आमचे हे ओरडले, "चला, पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी म्हणालं!"

तर हे विश्वासू यजमान प्रकरण जुनं आहे. युनिक्स नावाच्या प्रणालीच्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठानं वाढवलेल्या अवतारात १९८३ च्या सुमारास ते आलं. कल्पना अगदी वाड्यातली. शेजारची पोर वाटी घेऊन येते, "आईनं साखर मागितलीय." आपण तिला ओळखपत्र विचारतो का? कुठल्या घरून आली ते पाहतो आणि वाटी भरतो. तसंच तिथं. 'होस्ट्स डॉट इक्विव्ह' नावाची एक यादी संगणकात ठेवायची, तीत ज्या संगणकांची नावं असतील तिथून आलेल्या माणसाला पासवर्ड विचारायचा नाही. त्या घरी त्यानं एकदा पासवर्ड दिलाय, मग आपण पुन्हा कशाला विचारा? ही सगळ्या घराची यादी. शिवाय ज्याला त्याला स्वतःची खासगी यादीही ठेवता येई, तिचं नाव 'डॉट आर-होस्ट्स'. घराच्या यादीचा एक नियम मला आवडला. ती कितीही मोठी असली तरी 'रूट', म्हणजे संगणकाचा धनी, तिच्या आधारे आत येऊ शकत नसे. तिजोरीच्या किल्ल्या शेजारणीला देत नाहीत, एवढं शहाणपण तेव्हाही होतं.

त्या काळी हे ठीकच होतं. एका इमारतीत चार मोठे संगणक, चौघांची एकमेकांशी ओळख. आजही जिथं एकत्र कुटुंब आहे तिथं ही सोय लागते. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक केला, ते आमच्या वेळी शाळेत सामान्यज्ञानाला हमखास विचारायचे. हल्लीचे महासंगणक म्हणजे शेकडो संगणकांचा एक वाडाच असतो. मोठ्या दरवाज्याच्या दिंडीतून एकदा ओळख पटवून आत गेलं, की काम या खोलीतून त्या खोलीत फिरतं. दर खोलीच्या उंबऱ्यावर पासवर्ड विचारत बसले तर गणित कधी व्हायचं! पण तो वाडा. बाहेर त्याला तट आहे.

तट नसेल तर काय होतं, याची एक गोष्ट आमच्याच घरातली आहे. अण्णांनी ती लिहून ठेवली होती. ती वही पुरात गेली, म्हणून आठवेल तशी सांगते.

आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यातलं. सांगली जिल्हा नावाचं काही तेव्हा नव्हतंच. तो १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला सांगली झाला. त्याआधी ब्रिटिश मुलुख तो सगळा साताराच. त्या भागात १९४३ ते ४६ प्रतिसरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील इतकी वर्षं पोलिसांच्या हाती लागले नाहीत, ते घराघरांच्या जोरावर. भूमिगत माणूस रात्री यायचा, भाकरी खायचा, पहाटेच्या आत निघून जायचा. आमच्या आजीच्या दारावरही थाप पडायची. आजी नाव विचारत नसे. नाव माहीत नसलेलं बरं, उद्या पोलिसांनी विचारलं तर खोटं बोलायला नको. ती एवढंच विचारायची, "कुणाकडनं आलासा?" भरवशाची पाच-सहा घरं होती. त्यातलं एखादं नाव आलं की कडी निघायची.

लक्षात आलं ना? हीच ती यादी. माणूस नाही पाहायचा, कुठल्या घरून आला ते पाहायचं.

एका रात्री एकजण आला. घराचं नाव बरोबर सांगितलं. जेवला, ओसरीवर पाठ टेकली, दोन गोष्टी विचारल्या, गेला. चौथ्या दिवशी घराला पोलिसांचा वेढा. आजोबांना नेलं, ते पाच महिन्यांनी परत आले, आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर कधी नीट मिटली नाहीत. ज्या घराचं नाव त्या माणसानं सांगितलं होतं, त्या घरानं त्याला कधी पाठवलंच नव्हतं.

ही गोष्ट मी नातवाला सांगितली तेव्हा तो ताडकन उठून बसला. म्हणाला, "आत्याआजी, हे अगदी असंच झालंय." २५ डिसेंबर १९९४ ला, ऐन नाताळात, अमेरिकेत सुतोमू शिमोमुरा नावाच्या शास्त्रज्ञाच्या संगणकात कुणीतरी शिरलं. कसं? तर त्याच्या एका संगणकाचा दुसऱ्यावर विश्वास होता. घुसणाऱ्यानं आधी त्या विश्वासातल्या संगणकावर खोट्या हाकांचा भडिमार करून त्याची वाचाच बंद केली. मग त्याच्या नावानं दुसऱ्याशी बोलायला सुरुवात केली. उत्तरं खऱ्या संगणकाकडे जात होती, घुसणाऱ्याला ती ऐकूही येत नव्हती. पण उत्तरावर कोणता आकडा असणार याचा अंदाज बांधून तो आपला पुढचं बोलत राहिला. आत शिरल्यावर त्यानं केलं काय, तर त्या 'डॉट आर-होस्ट्स' यादीत दोन अधिक चिन्हं लिहिली. अधिक अधिक. याचा अर्थ: कुठल्याही घरचा कुणीही येवो, दार उघडं. या प्रकरणात केव्हिन मिटनिकचं नाव गाजलं, फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याला अटक झाली.

आकड्यांचा अंदाज बांधता येतो, हे १९८५ मध्येच एका पोरानं लिहून ठेवलं होतं. रॉबर्ट मॉरिस. त्याच मॉरिसनं २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर एक किडा सोडला, तोही इतर वाटांबरोबर या विश्वासाच्या यादीवरून या घरातून त्या घरात पसरत गेला. आणि गंमत अशी, की युनिक्सचे पासवर्ड गुप्त ठेवायची जुनी पद्धत तयार करणारा माणूस म्हणजे या पोराचा बाप. त्याचंही नाव रॉबर्ट मॉरिस. घराण्यांच्या गोष्टी काय फक्त आपल्याकडेच असतात?

मग यावर उतारा काय? फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तात्यू यलोनेन म्हणून एकजण होता. विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा १९९५ मध्ये त्यानं एसएसएच नावाची नवी पद्धत लिहिली. जगभर आज तीच चालते. तीत किल्ल्यांची जोडी असते, एक खासगी, एक जाहीर. नातवानं किल्ली-कुलूप असं बरंच समजावलं, पण माझ्या डोक्यात काही उतरेना. शेवटी मीच माझी समजूत काढली. बँकेत आपली नमुना सही असते ना, तशी जाहीर किल्ली. ती दादाच्या संगणकात ठेवायची. खासगी किल्ली म्हणजे सही करणारा हात, तो साताऱ्यातून हलायचा नाही. रात्री माझा संगणक गेला की तो त्या भेटीपुरत्या नव्या मजकुरावर सही करून देतो. दादाचा संगणक ती नमुन्याशी पडताळतो. कालची सही चोरून आज उपयोग नाही, कारण आजचा मजकूर वेगळा. आणि बँकेतल्यापेक्षा हे बरं, की नमुना समोर ठेवूनही दुसऱ्याला ती सही गिरवता येत नाही. नातू म्हणाला, "चालेल. अगदी तसंच नाही, पण चालेल." त्याच्याकडून एवढं पुष्कळ.

एसएसएचमध्ये त्या जुन्या यादीची नवी आवृत्तीही आहे. अख्ख्या यजमानावर विश्वास ठेवायची, पण यजमानालाही स्वतःची किल्ली दाखवावी लागते. मूळ मांडणीत ती बंदच असते, मुद्दाम उघडावी लागते. आम्ही ती उघडली नाही. साताऱ्याच्या संगणकावर आमच्या ह्यांचे पत्त्यांचे खेळ असतात, त्यांना माझ्या माहेरच्या वह्यांत काय काम?

सगळं ठरलं आणि दादा अडून बसला. "माझ्या घरात पासवर्डशिवाय कुणी यायचं नाही."

त्याला कारण होतं. २०२० च्या सुरुवातीला त्याला एक फोन आला होता. "बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी राहिलंय." दादानं मोबाइलवर आलेला आकडा वाचून दाखवला. अडतीस हजार गेले. हिशेबाच्या वहीत आयुष्यभर एका पैशाची चूक न केलेला माणूस तो. पैशापेक्षा त्याला हे लागलं, की समोरच्यानं फक्त 'बँकेतून बोलतोय' म्हटलं आणि आपण ते खरं मानलं. पुन्हा तेच, कुणाकडनं आलासा! तेव्हापासून त्यानं दाराला तिसरी कडी बसवली आणि आमचेसुद्धा फोन दोनदा वाजल्याशिवाय उचलीनासा झाला.

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला, की पासवर्ड हाच मुळी सांगता येणारा शब्द. परवलीचा शब्द तोंडातून बाहेर पडतो, म्हणून तर तो दुसऱ्याला कळतो. तुझ्याकडून तो आकडा काढून घेतला, तसा माझ्याकडून माझी किल्ली कुणी काढून घेऊ शकत नाही, कारण ती मला पाठच नाही. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "असेल."

त्याला पटलं ते आजीमुळे. त्या प्रसंगानंतर आजीनं भूमिगतांना भाकरी देणं काही बंद केलं नाही. पण दार उघडायची नाही. मागच्या खिडकीच्या गजांतून भाकरी-चटणी द्यायची, पाण्याचा तांब्या द्यायची, बस. आत कोण, आजोबा घरी आहेत की नाहीत, काही दिसायचं नाही. नातू म्हणाला, "मग तेच करू या की!" आणि त्यानं दादाच्या संगणकात माझ्या जाहीर किल्लीच्या ओळीआधी आणखी थोडं लिहिलं: ही किल्ली घेऊन येणारीला वह्यांच्या कप्प्यातून फक्त प्रत घेता येईल. लिहिता येणार नाही, पुसता येणार नाही, दुसरीकडे जाता येणार नाही. आणि येणं फक्त साताऱ्याच्या पत्त्यावरूनच.

दादा म्हणाला, "म्हणजे खिडकी." नातू म्हणाला, "खिडकी."

"मग ठीक आहे."

तरी दोन संध्याकाळी फुकट गेल्याच. सगळं बरोबर लिहिलेलं, आणि तरी सांगलीचा संगणक आपला पासवर्ड मागतोय. कारण सांगेना. शेवटी त्याच्या आतल्या नोंदवहीत कारण सापडलं. स्कॅनरला लिहिता यावं म्हणून नातवानं तिथला घरचा सगळा कप्पाच सर्वांना लिहायला मोकळा ठेवला होता. ज्या घरात कुणीही येऊन यादीत नाव घालू शकतो, त्या घरची यादी एसएसएच मानतच नाही. मुकाट्यानं बाजूला ठेवतं आणि पासवर्ड विचारतं. कप्पा फक्त मालकापुरता केला आणि त्याच क्षणी काम झालं. नातू स्वतःवर चिडला होता. मला मात्र त्या यंत्राबद्दल आदर वाटला.

लॉकडाऊनभर दादा आणि वहिनीनं रोज पाच-दहा पानं स्कॅन केली. रात्री सव्वादोनला ती माझ्याकडे यायची आणि सकाळी चहाबरोबर मी वाचायचे. अण्णांचं अक्षर. इंचा-इंचानं पुसट झालेलं, पण अण्णांचं. एका पानावर माझ्या जन्माची नोंद आहे, तीत पहिली ओळ कांद्याच्या भावाची.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेनं पुन्हा पन्नाशी ओलांडली. या वेळी दादा आणि वहिनी वेळेवर निघून विश्रामबागेत मुलाकडे गेले. वह्या त्यानं बरोबर नेल्या, संगणक वरच्या मजल्यावर होता. पाणी ओसरलं. वीज परत आली ती झटका देऊनच, आणि तो तळहाताएवढा संगणक जळाला. नव्यावर नातवानं पुण्याहून फोनवरून सूचना देऊन सगळं पुन्हा बसवून घेतलं. नातू तोवर नोकरीला लागला होता. मग त्यानं मला सांगितलं, आता जाऊन बघ.

मी गेले आणि पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत धोक्याची पाटी. सांगलीच्या यजमानाची ओळख बदलली आहे, कुणीतरी काहीतरी भयंकर करत असण्याची शक्यता आहे. माझा संगणक पाऊल पुढे टाकेना. त्यालाही सांगलीच्या संगणकाची जाहीर किल्ली माहीत होती, आणि ही ती नव्हती. नुसता पाहुणाच ओळख दाखवत नाही, यजमानानंही दाखवायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "नवीन आहे म्हणून तसं म्हणतंय. जुनी ओळ काढून टाक आणि हो म्हण. सगळे तेच करतात."

सगळे करतात म्हणून करायचं, हे मी मुलांना कधी करू दिलं नाही. मी दादाला फोन लावला. दोनदा वाजल्यावर त्यानं उचलला. म्हटलं, "दादा, तुझ्या नव्या संगणकाचा ठसा असतो, तो वाच. मी इथं ताडून बघते." नातवानं त्याला तो कुठं दिसतो ते सांगितलं. त्रेचाळीस अक्षरं, मोठी, लहान, आकडे, मध्येच अधिक चिन्ह.

दादा वाचायला लागला. लहानपणी अण्णा आम्हा दोघांना शुद्धलेखन घालायचे तशा संथ आवाजात. "मोठा के. लहान एम. सात. लहान क्यू. शून्य..."

"शून्य की ओ?"

"थांब." कागद सरकल्याचा आवाज. "शून्य. पोटात रेघ आहे."

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळली. मी खूण केली आणि म्हटलं, "झालं, दादा. तूच आहेस."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं त्यानं ठेवला फोन.

"माझ्याकडे इथं तुझ्या किल्लीची ओळ परत घातलीय पोरानं," दादा म्हणाला. "ती तुझीच कशावरून? आता तू वाच."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.